मंचावर छाती धडधडते? गाणाऱ्यांनी अशी तयारी करावी

विशारदची परीक्षा असो की गुरुपौर्णिमेला क्लासच्या कार्यक्रमातली दहा मिनिटं, मंचावर बसलं की धडधडतंच. शरीरात अॅड्रेनलिन वाढतं, श्वास आखूड होतो, तोंड कोरडं पडतं. रियाज कमी पडला असा त्याचा अर्थ नाही. धडधड घालवत बसू नका, तिच्यासकट गायची सवय करा.

महिनाभर आधी सुरू करा. रोज थोडा खर्ज (खालच्या सप्तकातला रियाज) झाला की ठरलेली बंदिश एका दमात गा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. चुकलं तरी थांबायचं नाही. परीक्षेत पहिलंच गाणं मोजतात.

त्यानंतर जिना. पर्वती चढायची गरज नाही, सोसायटीचे दोन मजले भरभर चढा आणि छाती उडत असतानाच तानपुरा लावून बसा. पहिला षड्ज, म्हणजे सा, हलेल. श्वास सावकाश, लांब सोडा, पुन्हा सा लावा, मग मुखडा घ्या. काही दिवसांनी धडधडीतही सूर लागतो हे अंगाला कळतं, आणि माझ्या मते निम्मी भीती तिथेच उतरते.

आता श्रोते जमवा. आधी घरचे, मग शेजारी. पुण्यात शेजारचे काका ‘सवाई गंधर्व’ महोत्सव ऐकून आलेले असतात आणि न विचारता मत देतात. देऊ द्या, तोही सरावच.

घाबरल्यावर लय चढते. म्हणून तबलजींना लय आधीच हातावर दाखवा, नेहमीपेक्षा किंचित संथ. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली तर घाईने सावरू नका. ठेका ऐका, एक आवर्तन जाऊ द्या, मग मुखडा पकडा. घरी मुद्दाम सम चुकवून हे घोटा. परीक्षकांनी मध्येच ‘पुढचा राग घ्या’ म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. त्यांनाही वेळ पुरवायचा असतो.

त्या दिवशी हलकं खा, चहा-कॉफी बेतानं घ्या, नवी तान घोटू नका. पालकांनी बाहेर आल्याआल्या ‘कसं झालं?’ विचारू नये. आधी खायला द्यावं.

मित्रानं दिलेली, धडधड कमी करणारी प्रोप्रानोलोलची गोळी परस्पर घेऊ नका. दमा असेल तर ती धोक्याची ठरते. झोप उडाली, जेवण जाईना, तानपुऱ्याकडे बघवेना असं आठवडाभर चाललं, तर गुरुजींना सांगा आणि डॉक्टरांना भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीबेरात्रीही बोलता येतं, मराठीतून.