पहिल्या ऑफ-रोडला निघण्याआधी

पहिल्यांदाच डांबरी रस्ता सोडून कच्च्या, दगडधोंड्यांच्या वाटेवर फोर-बाय-फोर गाडी घालणार असाल, तर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरा, टॉर्च घ्या आणि गाडीखाली डोकं घाला. सगळ्यात खाली काय लोंबतंय ते डोळ्यांनी बघून ठेवा. मारुती जिमनीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांतलं अंतर, 210 मिमी, महिंद्रा थारचा 226. पण तो नुसता आकडा. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) जो गोळा दिसतो, तो उद्या दगडाला घासणार आहे. म्हणून मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घ्यायचा नाही, त्यावर चाक चढवायचं. चाकाबरोबर अ‍ॅक्सलही उचलला जातो. शोरूममधून आली तशी गाडी नवशिक्याला पुरते. गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि मोठे टायर यांवरचा खर्च निदान वर्षभर लांबवा.

खाली आहातच, तर ओढायचे हुक शोधा. यात हयगय नको. गाडीला दोन तऱ्हेचे हुक असू शकतात: अडकलेली गाडी ओढण्याचे, आणि कंटेनरमधून नेताना गाडी बांधून ठेवण्याचे. दिसायला सारखेच वाटतात. पहिल्या पावसाळ्यात कर्जतजवळ एका ओढ्यात मी घाईघाईत गाडी ओढायचा पट्टा दुसऱ्या तऱ्हेच्या हुकात अडकवला. पहिल्याच हिसक्याला हुक उलगडून सरळ झाला आणि पट्टा सुटून आला. हुक तुटून उडाला असता तर समोरच्या गाडीची काच फोडून आत गेला असता, आणि आत माणसं बसली होती. तेव्हापासून मी मॅन्युअलमधलं ते पान उघडून, हुकाला हात लावून खात्री करतो. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला तर पट्टा कधीच अडकवायचा नाही.

पट्टा घेताना तो ताणला जाणारा आहे की साधा, हे विचारून घ्या. हिसका द्यायचा तर ताणणाराच लागतो. पट्टा तुटण्याची मर्यादा (ब्रेकिंग स्ट्रेंथ) गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट हवी. पट्टा हुकाला जोडणारे शॅकल, म्हणजे पिन असलेले यू आकाराचे लोखंडी कडे, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ढिगाने मिळतात. ज्याच्या अंगावर टनाचा आकडा उठवलेला आहे तेच घ्या, 4.75 टनाचे चालतात. पिन पूर्ण आवळून थोडी मागे फिरवायची, नाहीतर ताण आल्यावर ती उघडत नाही. ओढताना पट्ट्यावर ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना लांब पाठवा. पोरंटोरं नेमकी जवळ येतात.

मग हवा. डांबरी रस्त्यावर 30-32 पीएसआय असलेला टायर कच्च्यावर 20 च्या आसपास आणला की जमिनीवर पसरतो, आणि एरवी जागच्या जागी फिरणारी चाकं धरू लागतात. पहिल्या खेपेला 18 च्या खाली जाऊ नका. फार कमी केली तर टायर रिमवरून उतरतो. हवा मोजायचा गेज आणि थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कंप्रेसर सोबत हवाच.

4H (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाला) आणि 4L (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) आधी कुठल्यातरी कच्च्या मैदानात टाकून बघा. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या गाडीत कोरड्या डांबरावर 4H वापरलं तर वळताना गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंत सगळ्यावर ताण येतो. 4L गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकायचं. उतारावर 4L, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं.

एकट्याने जायचं नाही. दुसरी गाडी नसेल तर बेत रद्द करा.

कुठे जायचं हे जागेवर ठरवू नका. मुरबाड-शहापूरकडे जुलैत भातलावणी चालू असते. बांधावरून चाक गेलं तर कुणाची तरी मेहनत वाहून जाते. गावात उतरून विचारा, ‘काका, इथून गाडी नेली तर चालेल का?’ वनजमिनीवर परवानगीशिवाय शिरायचं नाही. समुद्रकिनाऱ्यावरही नको: कित्येक किनाऱ्यांवर गाड्यांना बंदी आहे, भरती वाट बघत नाही आणि खारं पाणी लोखंड खातं. ओढा दिसला की आधी काठी घेऊन पायी ओलांडा. थार 650 मिमी खोल पाण्यातून जाते हा कंपनीचा आकडा वाहत्या पाण्याला लागू होत नाही. चालत जाता येत नसेल तिथे गाडी घालू नका. चाकाखाली द्यायला दगड उचलाल, तेव्हा आधी काठीने हलवा. कोकणपट्टीत दगडाखाली फुरसं असतं.

प्यायचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, ऑफलाइन नकाशा घ्या, परतायची वेळ घरी सांगून ठेवा. डिकीतला जॅक आणि टूलबॉक्स पट्ट्याने बांधा.

परत डांबर लागताच 2H (दोनच चाकांना ताकद), चारही टायरमध्ये हवा, आणि रिमच्या आतल्या बाजूचा चिखल बोटांनी खरवडून काढा. तो सुकून तसाच राहिला तर हायवेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं.