खाऱ्या पाण्यातला नवा मासा: सवय कोणती आणि आजार कोणता

खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच लावणाऱ्या माणसाचा पहिला आठवडा काचेला नाक लावूनच जातो, आणि त्या आठवड्यात मासा जे जे करतो ते त्याला एकतर फार गोड वाटते नाहीतर फार भयंकर. मासा आडवा झाला की तो गेला असे वाटते, रंग उतरला की रोग आला असे वाटते आणि रात्री अकरा वाजता दुकानदाराला फोन करून औषध विचारले जाते. उलट ज्याची खरोखर धास्ती घ्यावी ते लक्षण, म्हणजे मासा दिवसभर पंपाच्या धारेत तोंड घालून जागच्या जागी उभा राहणे, हे ‘त्याला प्रवाह आवडतो’ असे म्हणून कौतुकाने पाहिले जाते. म्हणून मासा काय करतो आहे हे पाहण्याआधी, तो ते करत असताना श्वास कसा घेतो आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. त्यामुळे कल्ल्यांना झालेली कोणतीही इजा सर्वांत आधी श्वासात दिसते. मासा स्थिर असताना, खाणे होऊन निदान तासभर उलटल्यावर, कल्ल्यांच्या झाकणांची उघडझाप अर्धा मिनिट मोजावी आणि आकडा दुप्पट करून वहीत लिहावा. माझ्या टाकीतल्या शांत क्लाउन माशाचा आकडा मिनिटाला ८० ते ९०च्या आसपास असतो, पण हा आकडा तुमच्या माशाला लावू नये, कारण जात, आकार आणि तापमान यांनुसार तो बदलतो. तुलना त्याच माशाच्या कालच्या आकड्याशी करावी. आणल्या दिवशी श्वास जलद असणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो खाली यायला हवा. तो खाली येण्याऐवजी दीडपट झाला, किंवा एका बाजूचे झाकण सतत उघडे राहू लागले, तर अंगावर एकही डाग नसला तरी थांबू नये.

प्रवासाचा शीण किती मानावा, हेही ठरवावे लागते. क्रॉफर्ड मार्केटहून किंवा कुर्ल्याहून पिशवी घेऊन मे महिन्याच्या दुपारी टॅक्सीत अडकलेला मासा आणि सकाळी साडेनऊला घरी पोहोचलेला मासा यांची स्थिती सारखी नसते. पिशवी बराच वेळ बंद राहिली की पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून सामू (पीएच) उतरतो आणि माशाने टाकलेला अमोनिया त्यामुळे बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासाची पिशवी तापमान जुळण्यासाठी बंदच १५-२० मिनिटे तरंगत ठेवावी, पण एकदा उघडल्यावर थेंब-थेंब पाणी घालण्याचा सोहळा दोन-दोन तास चालवू नये. काही दुकानदार परजीवी दबून राहावेत म्हणून टाकीतली क्षारता मुद्दाम कमी ठेवतात. ती किती आहे हे आधी विचारून घरच्या क्वारंटाइन टाकीचे, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टाकीचे, पाणी तेवढेच खारे ठेवावे, आणि मग काही दिवसांत ते विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) १.०२५ पर्यंत आणावे. मासा आपल्यासमोर खातो का, हे मात्र दुकानातच पाहून घ्यावे. लाज वाटण्याचे कारण नाही.

आता सवयींकडे वळू, कारण खरा घोळ इथेच होतो. ब्लू टँग घाबरला की दगडाच्या फटीत शिरून आडवा पडतो, रंगाने फिका होतो आणि मेल्यासारखा दिसतो. ट्रिगर मासेही रात्री फटीत असेच आडवे होतात. पिवळा टँग रात्री मळकट होतो आणि त्याच्या कुशीवर पांढुरका पट्टा उमटतो, जो दिवा लागल्यावर थोड्याच वेळात नाहीसा होतो. फॉक्सफेस घाबरला किंवा झोपला की अंगभर तपकिरी चट्टे दाखवतो. रॉयल ग्रामा कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहतो, हॉकफिश दगडावर बसून राहतो, आणि क्लाउन तर नेहमीच असा हेलकावत पोहतो की नवख्याला त्याचा तोल गेला आहे असे वाटावे. फेअरी रॅस रात्री स्वतःभोवती चिकट स्रावाचा पारदर्शक कोश विणतो; सकाळी त्याची लक्तरे पाण्यात तरंगताना पाहून कातडी सोलली, असा निष्कर्ष काढू नये. बांगाई कार्डिनलचा नर तोंडात अंडी धरून असला की आठवडेच्या आठवडे खात नाही, आणि त्याच्या हनुवटीचा फुगवटा हा गळू नसतो.

वाळूत झोपणाऱ्या रॅसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात माझी चूक आहे. माहीमच्या घरी आणलेला पहिला हॅलिकोरिस रॅस टाकीत सोडताच बाणासारखा वाळूत गेला आणि तीन दिवस वर आला नाही. चौथ्या दिवशी तो आत कुजत असेल या भीतीने मी प्लास्टिकच्या उलथन्याने वाळू उकरली. तो जिवंत तर होताच, पण असा उसळला की समोरच्या काचेवर आपटून त्याचा वरचा ओठ फाटला. ती जखम भरून तो नीट खाऊ लागेपर्यंत तीन आठवडे गेले. या जातीचे मासे नव्या जागी चार-पाच दिवस, क्वचित त्याहून अधिक काळ वाळूत राहू शकतात, आणि परदेशातून आलेला मासा काही दिवस तिकडच्या घड्याळानेच उठतो-झोपतो, त्यामुळे तो पहाटे फिरून दुपारीच पुरला जात असण्याचीही शक्यता असते. अमोनियाची चाचणी शून्य दाखवत असेल तर वाळूला हात लावू नये.

अशा सर्व प्रसंगी परीक्षा एकच ठेवावी. मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद धरून रात्री पाहावे: आडवा पडलेला मासा संथ, एकसारखा श्वास घेत असेल आणि सकाळी उठून खात असेल, तर तो झोपला होता. धापा टाकत असेल, पाण्याने इकडेतिकडे लोटला जात असेल आणि हात जवळ नेला तरी हलत नसेल, तर तो आजारी आहे.

खाण्याविषयी घाई करू नये. भरल्या अंगाचा मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तर बिघडत नाही. पोट आत जाणे आणि त्याहून वाईट म्हणजे डोक्यामागची पाठ खपाटीला जाणे, ही मात्र खरी धोक्याची खूण असते. मँडरिन मासा याला अपवाद, कारण तो दिवसभर दगड टिपत हिंडतो आणि पाहणाऱ्याला तो खातो आहे असेच वाटते, पण टाकीत कोपेपॉड हे त्याचे खाद्य असलेले सूक्ष्म जीव नसतील तर टिपता टिपताच तो वाळत जातो. दिवसातून एखाद्या वेळी वाळूला अंग घासणे किंवा जांभई दिल्यासारखे तोंड उघडणे यांकडे दुर्लक्ष करावे. दहा मिनिटांत पाच-सात वेळा घासले तर वहीत नोंद करावी.

डागांचा विचार करताना स्वयंपाकघरातली उपमा उपयोगी पडते. क्रिप्टोकॅरियन या परजीवीचे डाग रव्याच्या दाण्यांसारखे सुटे आणि मोजता येतील असे असतात. ते तीन ते सात दिवसांनी आपोआप गळतात, आणि नवखा माणूस इथेच फसतो: डाग गेले म्हणजे मासा बरा झाला असे नव्हे, तर परजीवी तळाशी जाऊन कोशात शिरला आहे आणि पुढे त्यातून पिल्लांची फौज बाहेर पडणार आहे. काही कोश दोन महिन्यांहून अधिक काळानेही फुटतात. याच्या उलट अमायलूडिनियम, ज्याला सगळे व्हेल्वेट म्हणतात, त्याचे डाग मोजता येत नाहीत. बाजूने टॉर्च मारला की बेसन चाळताना हातावर बसते तशी बारीक सोनेरी धूळ अंगावर दिसते. हा परजीवी बहुधा आधी कल्ल्यांत बसतो, त्यामुळे धूळ दिसण्याआधीच धाप लागते, मासा उजेड टाळतो, पंपाच्या धारेत उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. तिसरा ब्रुकलिनेला, जो विशेषतः समुद्रातून पकडलेल्या क्लाउनवर दिसतो. यात अंगावर जाड, राखाडी साय धरते आणि कातडीचे पापुद्रे निघतात. क्लाउनची पैदास आता भारतातही होते, आणि दुकानात विचारून पैदाशीचाच मासा घेतला तर ही कटकट बरीच टळते.

फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी परांच्या कडेला दिसल्या तर ती बहुधा लिंफोसिस्टिस असते. ती विषाणूमुळे होते, तिला औषध नाही, आणि पाणी व खाणे चांगले असेल तर ती बहुतेक वेळा आपोआप जाते. एकच डोळा सुजला तर मार लागला असावा, दोन्ही सुजले तर संसर्गाचा संशय घ्यावा.

आजार ठरवण्यापूर्वी पाणी तपासणे ही पायरी कधीही वगळू नये. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत आणि तापमान २५ ते २७ अंशांच्या दरम्यान हवे. मुंबईत दिवसभर बंद राहणाऱ्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते, आणि मग सगळेच मासे एकदम धापा टाकू लागतात. एकच मासा धापा टाकत असेल तर रोग शोधावा, सगळे एकाच वेळी टाकत असतील तर आधी पाणी, पंप आणि हवा पाहावी. हवेबद्दल मुद्दाम लिहितो: सोसायटीत पेस्ट कंट्रोल झाले, शेजारच्या खोलीत झुरळांचा स्प्रे मारला किंवा रात्रभर मच्छरांची कॉइल जळली, तर एअर पंप ती हवा थेट पाण्यात ओढतो, आणि अशा फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना व कोळंब्यांना अत्यंत विषारी असतात. त्या दिवशी पंपाची नळी खिडकीबाहेरची हवा घेईल अशी लावावी.

संशय पक्का झाला तर उपचार मुख्य टाकीत करू नयेत. तांब्याचे औषध कोळंब्या, शंख आणि प्रवाळ मारते आणि दगड-वाळू ते शोषून घेतात, म्हणून दगड-वाळू नसलेली, फक्त पाइपचे तुकडे टाकलेली साधी क्वारंटाइन टाकी नवा मासा आणण्याआधीच चालू असावी. तांब्याची मात्रा औषधाच्या प्रकारानुसार बरीच वेगळी असते, तेव्हा बाटलीवरील सूचना आणि तांब्याची चाचणी यांच्याशिवाय ते वापरू नये. अंदाजाने टाकलेले थेंब एकतर परजीवीला पुरत नाहीत किंवा माशाला झेपत नाहीत. मासा घासतो आहे, डोळे धुरकट आहेत, पण डाग दिसत नाहीत, अशा वेळी अंगावर चपटे पारदर्शक कृमी असू शकतात. तापमान आणि सामू जुळवलेल्या, क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यात मासा समोर बसून तीन ते पाच मिनिटे ठेवला, तर ते पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. मासा तोल सोडू लागला तर त्याला लगेच बाहेर काढावे. आणि मुख्य टाकीत क्रिप्टोकॅरियन निघाला असेल तर सगळे मासे हलवून ती टाकी माशांविना रिकामी ठेवावी. हौशी मंडळींत त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे. तेवढे दिवस कोळंब्या आणि प्रवाळ तिथेच राहिले तर चालते, मात्र दोन्ही टाक्यांची जाळी, बादली आणि नळी वेगवेगळी ठेवावी, कारण ओल्या जाळीवरूनही परजीवी पुन्हा टाकीत येतो.