साताऱ्यातील एका मुक्कामाचे नियोजन

कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात मुलांच्या प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांना साताऱ्यात एकच रात्र राहायचे असेल, तर त्यांनी खोली एसटी स्थानक ते पोवई नाका या पट्ट्यात घ्यावी. रेल्वे स्थानक माहुलीला, गावाबाहेर आहे. अजिंक्यतारा किल्ला सकाळी लवकरच चढावा, कारण ऊन तापल्यावर माथ्यावर सावली फारशी मिळत नाही, आणि १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झालेले हे शहर वरून एकदा नजरेखाली घातले की पुढे नकाशा लागत नाही. उतरताना ‘चार भिंती’ हे स्मारक पाहून राजवाड्याकडे यावे. कंदी पेढे ताजे मिळतात, तेव्हा आधी चाखून मगच बांधून घ्यावेत. कास पठारावर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांच्या हंगामात जायचे असल्यास ऑनलाइन नोंदणी आधीच करावी.