सेप्टिक टँक तुंबायची वाट बघू नका

बंगला किंवा गावाकडचं घर असलं की टाकी एकदा बांधली, वर फरशी टाकली, विषय संपला असं बरेच जण धरून चालतात आणि "आमची पंधरा वर्षं उपसली नाही, काही त्रास नाही" असं वर सांगतात, पण त्रास नाही म्हणजे बहुतेक वेळा गाळ पुढे शोषखड्ड्यात नाहीतर गटारात जातोय. टाकीत मैला तळाला बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी तेवढं बाहेर पडतं, गाळ वाढला की ते निवळायला जागाच राहत नाही.

म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा. वाईत 2018 पासून नगरपरिषदेने घरोघरी दर 3 वर्षांनी पाळी लावून उपसा सुरू केला, तक्रार यायची वाट न बघता. हेच बरोबर आहे. मधे बघायचं असेल तर लांब बांबूला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडा, काळा गाळ किती चढलाय ते दिसतं, एक तृतीयांश झाला की टँकर बोलवा.

झाकण उघडलं की वाकून बघू नका, पोरांना लांब ठेवा, विडी-काडी अजिबात नको. आत मिथेन असतो आणि हायड्रोजन सल्फाइडही, तो जास्त असला की वाससुद्धा कळेनासा होतो आणि माणूस तिथंच कोसळतो, वाचवायला उतरलेला दुसराही जातो. कुणालाही, कितीही पैसे देऊन, आत उतरवू नका. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं गुन्हा आहे. सक्शन मशीनचीच गाडी मागवा आणि मैला नेऊन कुठे टाकणार तेही विचारा, ओढ्यात ओतणारा नको.

ॲसिड, फिनेलचा मारा टाळा, आतले जिवाणू मरतात. पॅड, डायपर, वाइप्स, खरकटं तेल यातलं काही टाकू नका, गच्चीचं पावसाचं पाणीही वेगळं काढा. व्हेंट पाइपला जाळी बांधा नाहीतर डास होतात.

उपसा पावसाळ्याआधी करा. कोकणात भर पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, तेव्हा रिकामी केलेली प्लास्टिकची टाकी चक्क उचलली जाते, त्यामुळे उपसल्यावर लगेच साधं पाणी भरा. आणि तारीख झाकणाशेजारी ऑइलपेंटने लिहून ठेवा, कागद हरवतो.