एक्सप्रेसवरच्या एपीआयला टोकन लावताना: लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत

टोकन म्हणजे लॉगिननंतर सर्व्हरने दिलेला ओळखीचा पास. ते द्यायला दहा ओळींचा कोड पुरतो. दिलेलं टोकन कधी बाद होणार, ते मधेच कसं रद्द करायचं आणि चोरीला गेलं तर कळणार कसं, हे मात्र पहिली ओळ लिहायच्या आधी ठरवावं लागतं. म्हणून इथे टोकन देण्यापेक्षा ते परत घेण्यावर जास्त भर आहे.

उदाहरण म्हणून नोड, एक्सप्रेस (नोडवरचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर चालणारा एक एपीआय, म्हणजे ॲप्सना डेटा पुरवणारा सर्व्हर, घेऊ. हाउसिंग सोसायटीच्या सभासदांना देखभालीच्या पावत्या दाखवणं हे त्याचं काम. त्याला दोन गिऱ्हाइकं आहेत: ब्राउझरमधलं वेब ॲप आणि मोबाइल ॲप. तुमच्याकडे फक्त एकच वेबसाइट असेल आणि ती त्याच सर्व्हरवरून चालत असेल, तर साधी सेशन कुकी वापरा. ती रद्द करायला सोपी असते आणि पुढचा बराचसा खटाटोप वाचतो.

दोन टोकनं, दोन स्वभाव

ॲक्सेस टोकन म्हणजे जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन): थोडा मजकूर आणि त्यावर सर्व्हरची सही. त्याची मुदत १५ मिनिटं. ते प्रत्येक रिक्वेस्टसोबत येतं आणि डेटाबेसला हात न लावता नुसत्या सहीवरून तपासता येतं. रिफ्रेश टोकन देऊन नवं ॲक्सेस टोकन मिळतं; त्याची मुदत ३० दिवस. ते अर्थ नसलेले ३२ यादृच्छिक बाइट असतात, त्याची नोंद डेटाबेसमध्ये असते आणि म्हणूनच ते हवं तेव्हा रद्द करता येतं. एकच टोकन ३० दिवसांचं ठेवलं तर चोराला ३० दिवस मोकळं रान मिळतं.

किल्ली

एचएस२५६ या सहीच्या पद्धतीला किमान २५६ बिटांची, म्हणजे ३२ बाइटची किल्ली लागते. ओपनएसएसएलच्या ‘रँड’ कमांडने ३२ बाइट बेस६४ मध्ये काढले की ४४ अक्षरं मिळतात. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, गिटमध्ये कधीच नाही. सोसायटीचं नाव किंवा एखादा सोपा शब्द किल्ली म्हणून वापरला, तर हल्लेखोराला फक्त एक खरं टोकन पुरतं. तो स्वतःच्या मशीनवर शब्दामागून शब्द लावून सही जुळते का बघत बसतो, आणि तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा मागमूसही दिसत नाही.

लॉगिन

पासवर्ड आर्गॉन२आयडीने हॅश करा, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या रूपात साठवा: १९ एमआयबी मेमरी, २ फेऱ्या, १ समांतर धागा. बीक्रिप्ट ही जुनी हॅश पद्धत आधीपासून असेल तर राहू द्या, पण त्याची एक मर्यादा मराठी माणसाला जास्त जाचते. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना आणि हलन्त ३ बाइट खातो. ‘महाराष्ट्र’ हा एकच शब्द ३० बाइटचा होतो. म्हणजे कुणी अशा चार लांब शब्दांचं मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, तर तिसऱ्या शब्दाच्या मधूनच पुढचं बऱ्याच लायब्ररी गुपचूप टाकून देतात. त्यामुळे बीक्रिप्ट असेल तर लांबी अक्षरांत न मोजता बाइटमध्ये मोजा आणि ७२च्या वर गेल्यास स्पष्ट एरर द्या.

ईमेल चुकला काय नि पासवर्ड चुकला काय, उत्तर एकच द्या: ४०१ (ओळख पटली नाही) आणि ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा’. ईमेल सापडला नाही तरी एका खोट्या हॅशशी तुलना करून घ्या, नाहीतर उत्तर किती लवकर आलं यावरून कोण सभासद आहे ते बाहेर कळतं. लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला. ती ओलांडली की ४२९ (फार रिक्वेस्ट).

ॲक्सेस टोकन तयार करणं

‘जेसनवेबटोकन’ हे पॅकेज घ्या. आत एवढंच भरा: ‘सब’ म्हणजे सभासदाचा आयडी, तोही स्ट्रिंग म्हणून, ‘आयएसएस’ म्हणजे टोकन देणारा, ‘ऑड’ म्हणजे ते कोणत्या एपीआयसाठी आहे, आणि ‘जेटीआय’ म्हणजे टोकनचा स्वतःचा क्रमांक. ‘आयएटी’ (टोकन दिल्याची वेळ) पॅकेज स्वतः भरतं आणि ‘एक्सपायर्सइन’ (मुदत) दिलं की ‘एक्स्प’ही (संपण्याची वेळ). आतला मजकूर बेस६४यूआरएलमध्ये असतो. ते नुसतं वेष बदलणं आहे, कुलूप नव्हे; टोकन हातात आलेला कुणीही तो वाचू शकतो. मोबाइल नंबर, आधार क्रमांक, थकबाकी यातलं काहीही आत घालू नका.

इथे हमखास फसगत होते ती मुदतीची. ‘एक्सपायर्सइन’ला ९०० हा आकडा दिला तर पॅकेज ते ९०० सेकंद धरतं. तेच ९०० स्ट्रिंग म्हणून दिलं तर ९०० मिलिसेकंद. आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आलेली प्रत्येक किंमत स्ट्रिंगच असते. ९०० मिलिसेकंद सेकंदात उतरवताना अपूर्णांक गळतो, ‘एक्स्प’ आणि ‘आयएटी’ एकच होतात आणि टोकन जन्मतःच मुदत संपलेलं निघतं. लॉगिन नीट होतं, पुढची प्रत्येक रिक्वेस्ट ४०१ खाते (‘क्लॉकटॉलरन्स’ ठेवला असेल तर तेवढे सेकंद उलटल्यावर). टोकन उघडून हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सारखे दिसले तर दोष सापडला. उपाय सोपा: ‘१५एम’ असं एककासह लिहा, किंवा स्ट्रिंगचा आकडा करून घ्या.

‘एक्स्प’ हातानेच भरत असाल तर उलटी चूक होते. जावास्क्रिप्टची ‘डेट नाउ’ मिलिसेकंद देते, जेडब्ल्यूटीला सेकंद लागतात. १०००ने भागायचं राहिलं की टोकन हजारो वर्षं चालतं, आणि काहीच मोडत नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासणी

मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते त्या कोडमध्ये, ‘ऑथोरायझेशन’ हेडर घ्या, पहिला शब्द ‘बेअरर’ आहे का बघा आणि उरलेला भाग ‘व्हेरिफाय’ला द्या. ‘डीकोड’ला देऊ नका: ते सही न तपासता मजकूर उघडून देतं, त्यामुळे टेस्टमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि दार मात्र सताड उघडं राहतं. ‘व्हेरिफाय’ला चालणाऱ्या अल्गोरिदमची यादी द्या, त्यात फक्त एचएस२५६. कोणता अल्गोरिदम वापरायचा हे टोकनच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं आणि टोकन समोरच्याच्या हातात असतं. निर्णय त्याच्यावर सोडला तर तो ‘नन’ (काहीच नाही) लिहून सहीच काढून टाकू शकतो. ‘आयएसएस’ आणि ‘ऑड’ही इथेच तपासा. सर्व्हरची घड्याळं थोडी मागेपुढे असतात, तेव्हा ‘क्लॉकटॉलरन्स’ ५ सेकंद ठेवा.

टोकन नाही, खोटं आहे किंवा मुदत संपली, तर ४०१ आणि सोबत ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट’ हेडर. माणूस ओळखला पण त्याला परवानगी नाही, तर ४०३.

सीओआरएसचं (दुसऱ्या ओरिजिनच्या, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला एपीआय वापरू देणारं) मिडलवेअर याच्या आधी लावा. ‘ऑथोरायझेशन’ हेडर असलेल्या दुसऱ्या ओरिजिनच्या रिक्वेस्टआधी ब्राउझर ‘ऑप्शन्स’ रिक्वेस्ट पाठवतो, तिच्यात टोकन नसतं. ती तुमच्या तपासणीत अडकली की ब्राउझर खरी रिक्वेस्ट पाठवतच नाही, आणि कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने) चालणारा एपीआय ब्राउझरमधून बंद दिसतो. परवानगी असलेल्या हेडरच्या यादीत ‘ऑथोरायझेशन’ नाव घेऊन लिहा. त्याच्यासाठी तारांकन (*) चालत नाही.

टोकन खरं निघालं म्हणजे पावती त्याचीच आहे असं नाही. ५१२ क्रमांकाची पावती मागितली तर क्वेरीतच पावतीचा क्रमांक आणि ‘सब’मधला सभासद या दोन्ही अटी घाला. ओडब्ल्यूएएसपी या वेब सुरक्षेच्या संस्थेच्या २०२३च्या एपीआय धोक्यांच्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे, आणि कितीही चांगलं टोकन असलं तरी तो झाकला जात नाही.

रिफ्रेश: खरी कसोटी इथे

टेबलमध्ये पाच रकाने: सभासद, टोकनचा हॅश, साखळीचा (एका लॉगिनपासून पुढे दिलेल्या सगळ्या रिफ्रेश टोकनांचा) आयडी, मुदत, वापरल्याची वेळ. टोकन जसंच्या तसं साठवू नका. इथे एसएचए-२५६ हा साधा, जलद हॅश पुरतो, कारण ३२ यादृच्छिक बाइटचा अंदाज कुणी बांधू शकत नाही. आर्गॉनचा भार माणसांनी निवडलेल्या पासवर्डसाठी असतो.

प्रत्येक लॉगिनला नवी साखळी सुरू होते. रिफ्रेश टोकन एकदाच वापरायचं: ते आलं की वापरल्याची वेळ भरा, त्याच साखळीतलं नवं टोकन द्या. वापरलेलं टोकन पुन्हा आलं, तर दोघांकडे एकच टोकन आहे, म्हणजे एक जण चोर. कोण ते कळत नाही, म्हणून अख्खी साखळी रद्द करा आणि पुन्हा लॉगिन करायला लावा.

आधी वाचून मग लिहू नका. ‘वापरल्याची वेळ रिकामी असेल तरच भर’ असा एकच अपडेट चालवा आणि किती ओळी बदलल्या ते बघा. १ असेल तर ठीक, ० असेल तर टोकन आधीच वापरलेलं, किंवा नोंदीतच नाही.

आता अडचण. सभासदाने दोन टॅब उघडलेत, दोघांचं ॲक्सेस टोकन एकाच वेळी संपतं आणि दोघेही एकच रिफ्रेश टोकन पाठवतात. किंवा लोकल बोगद्यात शिरते, सर्व्हरने दिलेलं नवं टोकन फोनपर्यंत पोचत नाही, आणि फोन बापडा जुनंच पुन्हा पाठवतो. दोन्हीकडे चोर नाही, तरी साखळी तुटते आणि ‘सारखं लॉगिन करायला लागतं’ अशा तक्रारी येतात. त्यासाठी वापरल्यापासून १० सेकंदांच्या आत तेच टोकन पुन्हा आलं तर त्याच साखळीतलं आणखी एक नवं टोकन द्या. चोरालाही १० सेकंदांची फट मिळते, हे खरं. पावत्यांच्या एपीआयला ते परवडतं, पैसे हलवणाऱ्या एपीआयला नाही. क्लायंटमध्येही एका वेळी एकच रिफ्रेश चालू राहील असं बघा, बाकीच्या रिक्वेस्ट त्याच उत्तराची वाट बघतील.

ब्राउझरमध्ये रिफ्रेश टोकन कुकीत ठेवा: एचटीटीपीओन्ली (स्क्रिप्टला न दिसणारी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी), सेमसाइट स्ट्रिक्ट (दुसऱ्या साइटवरून न जाणारी), आणि पाथ फक्त रिफ्रेश व लॉगआउटचे मार्ग ज्याखाली आहेत तेवढाच. ॲक्सेस टोकन जावास्क्रिप्टच्या मेमरीत. लोकल स्टोरेजमध्ये काहीच नको, पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते वाचते. मोबाइलवर आयओएसचं कीचेन, किंवा अँड्रॉइडच्या कीस्टोरमधल्या किल्लीने कूटबद्ध करून ठेवलेलं.

लॉगआउट आणि तातडी

लॉगआउटला साखळी रद्द करा, कुकी पुसा. हातातलं ॲक्सेस टोकन तरीही जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतं. एखाद्याला तत्काळ बाहेर काढायचं असेल तर त्याचा ‘जेटीआय’ रेडिस या मेमरीतल्या जलद साठ्यात टाका, टोकनची उरलेली मुदत तेवढीच नोंदीची मुदत. पासवर्ड बदलला की त्या सभासदाच्या सगळ्या साखळ्या रद्द करा.

तपासून बघताना

कर्लने निदान हे प्रकार करून बघा: टोकनशिवाय, मुदत संपलेलं टोकन, दुसऱ्या किल्लीने सही केलेलं, दुसऱ्या सभासदाची पावती, वापरलेलं रिफ्रेश टोकन ११व्या सेकंदाला.

बिघडवलेलं टोकन तपासताना शेवटचं अक्षर बदलू नका. एचएस२५६ची सही ३२ बाइटची, म्हणजे २५६ बिट. ती ४३ अक्षरांत लिहिली जाते आणि ४३ अक्षरांत २५८ बिट मावतात. शेवटच्या अक्षरातले २ बिट निरर्थक असतात, त्यामुळे चार वेगवेगळी अक्षरं एकच सही देतात. सही उलगडून बाइट जुळवणाऱ्या लायब्ररीत असं बदललेलं टोकन पास होतं आणि नसलेला दोष शोधण्यात दुपार जाते. सहीतलं मधलं एखादं अक्षर बदला.