सातारा जिल्ह्यातली जुनी घरं अभ्यासायला निघालेल्यांसाठी

आर्किटेक्चरची मुलं 'वाडा डॉक्युमेंट करायचाय' म्हणून साताऱ्यात येतात तेव्हा त्यांच्या वहीत शीर्षकं आधीच तयार असतात: मराठा शैली, पेशवाई शैली, ब्रिटिश शैली. मग समोरचं घर त्या शीर्षकाखाली कोंबायची खटपट सुरू होते. इतकी वर्षं हे काम केल्यावर मी एवढंच सांगेन की शैलीचं नाव सगळ्यात शेवटी लिहा, तेही लिहिता आलं तर. आधी छप्पर बघा, मग खण (दोन खांबांमधली जागा) मोजा, मग कोणती भिंत कुणाला नंतर येऊन चिकटली आहे ते शोधा.

छप्पर आधी, कारण आपला जिल्हाच तसा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पूर्वेकडे माण तालुक्यातल्या दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळे माण-खटावकडे माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर: तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या), त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि पाणी काढून द्यायला पन्हळं. उन्हाळ्यात त्यावर झोपायचं, सांडगे-पापड वाळवायचे. पाटण-जावळीच्या पावसात ते माळवद टिकणारच नाही. तिथे उतरती कौलं आणि भिंतीला झड लागू नये म्हणून पुढे ओढलेल्या पडव्या. एसटीत खिडकीशी बसा आणि दहिवडीहून महाबळेश्वरपर्यंत फक्त छपरं बघत जा. कॉलेजच्या कुठल्याही स्लाइड शोपेक्षा जास्त कळतं.

कौलांवरून घराचा काळ ओळखता येतो, पण जपून. नळीची कौलं गावच्या कुंभाराची, ती कुठल्याही काळातली असू शकतात. मंगलोरी कौलं मात्र बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतरचीच. गंमत अशी की अनेक कौलांवर '१८६५' हाच आकडा छापलेला असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा, घराचा नव्हे. शिवाय पेशवाईतल्या वाड्यावरही नंतर मंगलोरी कौलं चढवलेली सर्रास सापडतात. छप्पर घरापेक्षा तरुण असतं हे धरूनच चाला.

आता खण. जुनी माणसं घर चौरस फुटांत सांगत नाहीत, 'पाच खणी सोपा, वर तीन खणी माडी' असं सांगतात. दोन खांबांमधलं अंतर तुळईसाठी मिळणाऱ्या लाकडावर ठरायचं आणि ते घरभर साधारण सारखंच राहायचं. म्हणून प्रत्येक खण खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. एखादा खण अचानक आखूड निघाला की समजायचं, इथे काहीतरी घडलंय: वाढीव बांधकाम, किंवा भावाभावांतली वाटणी. घरातल्या मोकळ्या चौकाच्या बरोबर मध्यातून गेलेली भिंत तर बहुतेक वेळा वाटणीचीच. कोपरे काटकोनात आहेत असं गृहीत धरू नका. दोन्ही कर्ण मोजा आणि ओळंबा सोबत ठेवा.

वाडा नीट समजून घ्यायचा तर वाईजवळच्या मेणवलीला जा. कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे, खाली घाट आहे. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरलं की देवडी (पहारेकऱ्यांची जागा), मग सदर (आल्यागेल्यांच्या बैठकीची जागा), आणि पुढे एकेक चौक ओलांडताना घर अधिकाधिक खासगी होत जातं. कोणत्याही वाड्यात खांबांकडे बघत चाला. सुरूचे खांब (सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले), महिरपी, केळफुलांची नक्षी हे सगळं पाहुण्यांच्या नजरेसमोर, म्हणजे सदरेत. माजघरात आणि कोठीत नुसता तासलेला सोट. नक्षी कुठे थांबते तिथे घराची दर्शनी बाजू थांबते, आणि ही रेघ मला कुठल्याही शैलीच्या व्याख्येपेक्षा महत्त्वाची वाटते.

बांधणीत खाली काळ्या दगडाचं जोतं, वर हलक्या विटा, आणि भिंतीच्या पोटात लाकडी खांब. छताचा भार हे खांब घेतात. तळखडे (खांबांखालचे दगड) शोधलेत तर सांगाडा हाती लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात पाटण भागातली मातीत रचलेल्या दगडांची घरं मोठ्या प्रमाणावर पडली. त्यामुळे त्या भागात १९६७ च्या आधीचं घर मिळालं तर ते कशामुळे उभं राहिलं, हा प्रश्न नक्षीच्या आधी विचारा.

बंगला हा प्रकार महाबळेश्वर-पाचगणीला बघा. वाड्यात मोकळी जागा मध्ये आणि खोल्या भोवती. बंगल्यात हे सगळं उलटं: खोल्या मध्ये, व्हरांडा आणि आवार भोवती. दगड बहुतेक जांभा, कारण तो तिथे पायाखालीच मिळतो. पुढे साताऱ्याच्या पेठांत पैसेवाल्यांनी दोन्हींची सरमिसळ केली. मागे चौक तसाच, पुढे रस्त्याकडे लोखंडी गजांची गॅलरी. अशी घरं कुठल्याच शीर्षकात बसत नाहीत म्हणून विद्यार्थी टाळतात, आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडतात.

आत शिरायचं कसं? कॉलेजचं पत्र हवंच, पण त्यानं दार उघडेल असं नाही. बऱ्याच वाड्यांत मालकांचा आपसांत दावा चालू असतो आणि भाडेकरूंना वाटतं तुम्ही नगरपालिकेतून आलात. कॅमेरा पिशवीतच राहू द्या, आधी ओट्यावर बसून कागदावर रेखाटन करा. कुणीतरी येऊन विचारतंच. आणि घरातल्या आजींशी बोला. धान्य साठवायचं बळद कुठे होतं, बाळंतिणीची खोली कोणती, कोणत्या कोनाड्यात दिवा लागायचा, हे आजोबांना बहुधा ठाऊक नसतं.

करिअर म्हणून विचाराल तर पाच वर्षांची पदवी आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागतेच. १९७२ च्या कायद्यामुळे त्याशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. संवर्धनातली पदव्युत्तर पदवी दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये करता येते. पैसा सुरुवातीला बेताचाच. गावाकडे येणारं बरंचसं काम गळती, वाळवी आणि कुजलेल्या तुळईची टोकं यांचं असतं, म्हणून चुन्याचं काम जाणणारा गवंडी आणि जुना सांधा ओळखणारा सुतार यांचे फोन नंबर पहिल्या वर्षापासून जमवायला लागा.