पावसाळ्याआधी सोफ्याची तयारी: सगळ्यात आधी तो उलटा करा

आमच्याकडे रत्नागिरीला मृग लागायच्या आत आगोटीची कामं उरकतात, मसाले, पापड, लाकडं, कौलं परतणं, सगळं वेळेत, सोफ्याकडे मात्र कोणी बघत नाही. मी गेल्या वर्षी बघितलं होतं, दोन दिवस घालवून, अगदी मनापासून. तरी गणपतीच्या आठवडाभर आधी हॉलमध्ये आंबूस वास सुटला, ओल्या पायपुसण्यासारखा. आधी चपलांचं कपाट धुतलं, मग पडदे धुतले, वास तसाच. शेवटी मी आणि नवऱ्याने सोफा पुढे ओढून पाठीवर आडवा केला. खालचं काळं कापड पांढऱ्या लवेने भरलेलं, स्टेपलच्या पिना गंजून त्यांच्याभोवती तपकिरी गोल उमटलेले, आणि मागच्या पायाजवळची प्लायवूडची पट्टी अंगठ्याने दाबली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. वरून एक डाग नव्हता. तो कोपरा आमच्या बाबांचा बसायचा, म्हणून मला ते फार लागलं. दुरुस्तीला साडेनऊ हजार गेले. तुमचं तसं होऊ नये म्हणून लिहितेय.

तर मे महिन्यात, कडक ऊन असतानाच, पहिलं काम सोफा उलटा करणं. झाडू नाही, व्हॅक्यूम नाही, आधी उलटा. दोन माणसं लागतात, एकट्याने ओढू नका, पाय मोडतो नाहीतर कंबर धरते. खालचं काळं कापड नीट बघा, हात फिरवून बघा, नाक जवळ नेऊन वास घ्या. एका बाजूच्या चार-पाच पिना स्क्रूड्रायव्हरने उचकटून टॉर्च मारून आत बघा, फ्रेम कोरडी आहे का, पट्टे सैल झालेत का, लाकडाचा भुसा पडलाय का. मागच्या भिंतीवर मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर ती वाळवी आहे, मग बाकी सगळं सोडून आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. हे सगळं बघून झालं की सोफा तसाच उलटा दोन-तीन दिवस राहू दे, वर फॅन चालू. खालच्या बाजूला वर्षभर हवा लागलेली नसते हो, लादी थंड, हवा कोंडलेली, त्यात आपण रोज ओलं फडकं सोफ्याखाली सरकवतो आणि ते पाणी पायांना लागून लाकडात वर चढतं. आमच्या पट्टीचं हेच झालं होतं. पायांना रबरी बूच बसवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि पावसाळ्यात सोफ्याखाली पोछा घट्ट पिळूनच मारा.

सोफ्याखाली रद्दी ठेवता का? आम्ही ठेवायचो. काढा. कागद ओल ओढून धरतो आणि ती बरोबर सोफ्याच्या पोटाला लागते. पुठ्ठ्याचे खोके, जुनी पायपुसणी, सगळं काढा, खाली काही म्हणजे काही नको. सोफा कम बेड असेल तर आतल्या रजया उन्हं देऊनच परत ठेवा.

मग भिंत. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त भिजते, आणि आपण सोफा नेमका तिलाच चिकटवून ठेवतो कारण समोर टीव्ही असतो. जागा असेल तर चार महिने बाजू बदला. नसेल तर निदान वीतभर पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे. भिंतीचा रंग फुगलाय किंवा पोपडे आलेत तर ते काम आधी, सोफा नंतर.

वरची साफसफाई सगळ्यांना येते, त्यावर फार लिहीत नाही. फटी साफ करा, बिस्किटाचा चुरा राहिला की मुंग्या आणि झुरळं येतात. शिवणीची गोट उलगडून ढेकूण बघा, विशेषतः लग्नसराईत पाहुणे येऊन गेले असतील तर. कव्हर निघणारी असतील तर सगळी एकत्र धुवा, निम्मी आज निम्मी पुढच्या महिन्यात धुतली की रंगात फरक पडतो. धुण्याआधी चेन लावून घ्या. कॉटनची कव्हरं गरम पाण्यात घालू नका, आटतात आणि मग फोमवर चढत नाहीत. कंपनीचा सोफा असेल तर शिवणीत टॅग असतो, डब्ल्यू म्हणजे पाण्याने साफ करा, एस म्हणजे पाणी नको, फक्त सॉल्व्हंट, म्हणजे ड्रायक्लीनिंगचं बिनपाण्याचं द्रव, दोन्ही असेल तर दोन्ही चालतं, एक्स म्हणजे नुसतं व्हॅक्यूम. सुताराकडून करून घेतलेल्या सोफ्याला टॅग वगैरे नसतो, तिथे मागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग फडक्यावर आला तर थांबा.

उन्हं सकाळची, दहा-साडेदहापर्यंत, तेवढी पुरतात. कव्हर धुवायला काढलं म्हणून नुसता फोम गच्चीवर टाकू नका, उन्हाने तो पिवळा पडतो आणि भुगा व्हायला लागतो, जुनी चादर गुंडाळून ठेवा नाहीतर सावलीत वाऱ्याला. मखमल आणि गडद रंग उन्हात विटतात. रेक्झिन तर मुळीच नको. जे लेदरसारखं दिसतं पण पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचं असतं त्याचं वेगळंच दुखणं, दमट हवेनेच त्याचा वरचा थर सुटून पापुद्रे निघतात आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. कोकणात नवीन सोफा घेणाऱ्यांना माझं सांगणं, ते घेऊच नका.

हे सगळं करून सोफा परत जागेवर ठेवताना पुन्हा एकदा खाली बघा. हो, पुन्हा. मी गेल्या वर्षी वरचं सगळं केलं होतं, कव्हरं इस्त्री केली होती, आणि हे एकच केलं नाही.

आणि प्लास्टिक घालू नका. नव्या सोफ्याचं प्लास्टिक काढवत नाही लोकांना, पावसाळ्यात तर मुद्दाम वरून घालतात. आतली ओल आतच कोंडते. जुनी सुती चादर घाला, ती धुता येते. जे मुंबईला असतात आणि गावचं घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद ठेवतात त्यांनी तर प्लास्टिकचा विचारही करू नये, सोफा चार विटांवर उचलून ठेवा, वर चादर, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे, म्हणजे उघडीप पडली की कोणीतरी खिडक्या उघडेल.

पाऊस सुरू झाला की रविवारचं एक काम ठरवून टाका, सोफा पुढच्या बाजूने उचलून खाली टॉर्च मारायची. पाच मिनिटं लागतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतात ना, त्यांचे पंख सोफ्यामागे गळलेले दिसले तर वाळवी जवळपास आहे समजा. घरात दमटपणा मोजायचं छोटं यंत्र ठेवा, हायग्रोमीटर, फार महाग नसतं. ६० टक्क्यांच्या वर बुरशीला बरं वाटतं, आणि आपल्याकडे जुलैत बाहेर ८५-९० सहज असतो, म्हणून धो धो पाऊस असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडल्या तर ओलच आत येते. उघडीप पडली की उघडा. एसी असेल तर ड्राय मोड, नसेल तर टेबल फॅन जमिनीवर ठेवून त्याचा झोत सोफ्याखाली, खाली बरं का, रोज अर्धा तास. ओल्या कपड्यांनी कोणाला बसू देऊ नका, मुलांना सुद्धा. चहा सांडला तर दाबून टिपा, घासू नका, घासलं की आत जातो.

डांबराच्या गोळ्या सोफ्याच्या फटीत घालतात ते बंद करा, घरात तान्हं बाळ असेल तर नक्कीच, काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

बुरशी दिसलीच तर घरात झटकू नका, सगळीकडे पसरते. मास्क लावा, उशा पडवीत नाहीतर गॅलरीत न्या, ब्रशने हळू काढा, मग मेडिकलमधलं ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा, आधी कोपऱ्यावर रंग तपासून. ते पटकन पेट घेतं, समईजवळ किंवा गॅसजवळ अजिबात नको. ब्लीच नको, कापडाचा रंग जातो. फोमच्या आत गेली असेल तर वाचवत बसू नका, फोम बदला. आणि वर दिसली म्हणजे खालीही बघा, वरची थोडी असते, खालची जास्त.

ऑक्टोबरची उन्हं पडली की मे महिन्यातलंच सगळं परत, दिवाळीच्या साफसफाईत धरा. उलटा करणं धरून.

थंडीत विशेष नाही. देशावर, विदर्भात हवा कोरडी, तिकडे धूळ जास्त आणि खरं लेदर तडकतं, त्याला कंडिशनर लावा. उन्हाळ्यात खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर पडदा, डोकं टेकतं तिथे तेल लागतं म्हणून धुता येईल असं कापड.

यंदा मी मेच्या दुसऱ्या रविवारी सोफा उलटा केला. काळं कापड नवीन आहे, कोरडं आहे, पिना अजून चमकतायत. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत उलटा करणार आहे.